सागाच्या पानांची चाळण : अळीचा उद्रेक आधी कळू शकतो का?

वडनेर भोलजी (जि. बुलडाणा) : नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीचा परिसर कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. मलकापूर-नांदुरा महामार्गाच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली आहे. या पट्ट्यात पिकाचे उत्पन्न वर्षाचे आणि बांधावरच्या सागाचे उत्पन्न पुढच्या पिढीचे, असा हिशेब शेतकरी मांडतो. मुलीचे लग्न, घराचा माळा किंवा अडीनडीची रक्कम म्हणून वीस-पंचवीस वर्षे सांभाळायचे हे झाड. त्याला खत नको, निगराणी नको, ही समजूत सार्वत्रिक आहे. पाऊस स्थिरावल्यावर एखाद्या वर्षी पंजाहून मोठी हिरवी पाने आठवडा-दहा दिवसांत नाहीशी होतात आणि भर पावसाळ्यात झाडे उन्हाळ्यासारखी उघडी पडतात, तेव्हा या समजुतीला धक्का बसतो. पण महिनाभरात पुन्हा पालवी फुटते आणि झालेले नुकसान विसरले जाते.

नुकसान मात्र झालेले असते. ते पानांत नव्हे, तर खोडात साठते.

या प्रकारामागे मुख्यतः दोन अळ्या आहेत आणि दोघींची गल्लत नेहमी होते. पहिली 'हायब्लिया प्युएरा'. ही कोवळ्या पालवीवर येते आणि जाड शिरा वगळता सारे पान खाऊन टाकते. दुसरी 'युटेक्टोना मॅकेरॅलिस'. ही पानाच्या शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते, त्यामुळे पान झाडावरच राहते, पण त्याची तपकिरी जाळी होते. पहिलीचा हंगाम पावसाळ्याच्या सुरुवातीचा, दुसरीचा पावसाळा सरता सरता, साधारण ऑगस्टपासून पुढचा. दुसरी येते तेव्हा झाडाची वर्षाची वाढ बरीचशी झालेली असते आणि थोड्याच महिन्यांत पाने तशीही गळणार असतात. म्हणून डोळ्यांना अधिक भयंकर दिसणारी जाळी प्रत्यक्षात कमी घातक ठरते आणि लवकर विसरली जाणारी पहिली अळी अधिक महाग पडते.

किती महाग, याचे सर्वांत विश्वासार्ह मोजमाप केरळात झाले. मलप्पुरम जिल्ह्यातील निलंबूर येथे इंग्रजांच्या काळात, १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली. जगातील सर्वांत जुन्या साग लागवडींमध्ये तिची गणना होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या केरळ वन संशोधन संस्थेतील के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे तरुण सागाचे काही तुकडे अळीपासून सुरक्षित ठेवले आणि काही तसेच सोडले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संरक्षित झाडांची वाढ हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर होती, तर उघड्यावर सोडलेल्यांची ३.७ घनमीटर. म्हणजे संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के लाकूड अळीच्या पोटात गेले. झाड मरत नाही म्हणून ज्या किडीकडे काणाडोळा केला जातो, तिचा हा हिशेब आहे. निलंबूरची हवा वेगळी, पाऊस वेगळा. त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा बुलडाण्याच्या बांधावर लावता येणार नाही. परंतु वीस वर्षांत मिळणारी जाडी मिळवायला आणखी काही वर्षे का थांबावे लागते, याचे एक कारण त्यातून नक्कीच उमगते.

मग प्रश्न उरतो तो असा की, ही अळी कधी, कुठे आणि किती येणार, हे आधी सांगता येईल का? जगभरातील वनशास्त्रज्ञ यासाठी गणिती प्रारूपांचा, म्हणजे सर्रास ज्यांना मॉडेल म्हटले जाते त्यांचा, आधार घेतात. नाव भारदस्त असले तरी त्यांचा गाभा शेतकऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीहून फार निराळा नाही.

अळीचे घड्याळ

पहिली पायरी तापमानाची. कीटकाचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. हवा उबदार असेल तर अळी भराभर वाढते, गारठली तर रेंगाळते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ च्या सुमारास मांडलेली कल्पना आजही वापरात आहे. वाढीला दिवस लागत नाहीत, ठरावीक उष्णता लागते. ती भरली की पुढची अवस्था येते.

उदाहरणार्थ, समजा १२ अंश सेल्सिअसच्या खाली अळीची वाढ थांबते आणि अंड्यापासून पतंगापर्यंत तिला एकूण ३०० 'अंश-दिवस' लागतात. दिवसाचे सरासरी तापमान २७ अंश असेल तर रोज १५ अंश-दिवस जमा होतात आणि २० दिवसांत पिढी पूर्ण होते. तेच तापमान २२ अंश असेल तर ३० दिवस लागतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण वस्तुस्थितीपासून ते फार दूर नाहीत. हायब्लियाची एक पिढी प्रत्यक्षात हवामानानुसार सुमारे १९ ते ३६ दिवसांत पुरी होते. अंडी दोन दिवसांत उबतात, अळी दहा-बारा दिवस खात राहते, मग रेशमी धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि पालापाचोळ्याच्या पातळ थराखाली कोषात जाते. आठवडाभराने पतंग बाहेर पडतो. राखट-तपकिरी पुढचे पंख मिटून बसला की तो वाळक्या पानासारखा दिसतो. मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी-पिवळे पट्टे उडतानाच नजरेस पडतात.

हे घड्याळ कामाचे का, तर अळीचे खाणे शेवटच्या काही दिवसांत एकवटलेले असते म्हणून. लहान अळी पानाला किरकोळ ओरखडे पाडते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोठी झाली की तीच अळी अख्खे पान संपवते. झाडाखाली काळ्या लेंड्यांचा सडा दिसू लागतो आणि शांत दुपारी त्या वाळक्या पाचोळ्यावर पडण्याचा आवाजही ऐकू येतो. पण तोपर्यंत उपायाची वेळ गेलेली असते. त्यानंतर केलेली फवारणी म्हणजे चोर पळाल्यावर घातलेले कुलूप.

जमाखर्च

दुसरी पायरी जन्म-मृत्यूच्या नोंदीची. हायब्लियाची एक मादी सरासरी ५०० च्या आसपास अंडी घालते. त्यांपैकी किती जगतात, यावर सारे अवलंबून. ९९.६ टक्के मेली तर दोन उरतात, एक नर आणि एक मादी. संख्या जिथल्या तिथे राहते. ९८ टक्के मेली तर दहा उरतात, त्यांत पाच माद्या. म्हणजे एका पिढीत पाचपट, दोन पिढ्यांत पंचवीसपट, तीन पिढ्यांत सव्वाशेपट. शंभरातील ९८ मरणे आणि ९९.६ मरणे, यांत नुसत्या डोळ्यांना काहीच फरक दिसणार नाही. मात्र एका बाजूला शांत पावसाळा असतो आणि दुसऱ्या बाजूला उघडे पडलेले रान.

मरण्याची ही टक्केवारी ठरवणारे घटक अनेक. पक्षी, कोळी, मुंग्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीचे कीटक, अंडी-अळ्यांना धुऊन नेणारा जोराचा पाऊस आणि विषाणू. केरळच्याच संस्थेतील व्ही. व्ही. सुधीन्द्रकुमार आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या अळीला मारणाऱ्या एका विषाणूची नोंद केली. कापसावरील बोंडअळीसाठी 'एचएनपीव्ही' वापरलेल्या विदर्भातील शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. हा त्याचाच भाऊबंद. विषाणू लागलेली अळी साधारण तीन-चार दिवसांत मरते आणि तिचे फुटलेले शरीर आणखी अळ्यांना लागण करते. अळ्या दाट असतील तर साथ पसरते, विरळ असतील तर विझते. म्हणजे उद्रेकाच्या पोटातच उद्रेकाचा शेवट दडलेला असतो.

या जमाखर्चात एक विचित्र वळण आहे आणि ते कॅनडातल्या जंगलांनी दाखवून दिले. तेथे 'स्प्रूस बडवर्म' ही अळी तीस-चाळीस वर्षे जवळपास अदृश्य असते आणि मग अचानक लाखो हेक्टरवरील सूचिपर्णी झाडांवर तुटून पडते. लुडविग, जोन्स आणि हॉलिंग या तिघांनी १९७८ मध्ये त्याचे गणित मांडले. अळ्या थोड्या असतात तेव्हा पक्षी त्यांना सहज आवरतात. परंतु जंगल वाढत जाते, पाने वाढतात, त्याबरोबर अळ्याही हळूहळू वाढतात. एका मर्यादेनंतर पक्ष्यांची पोटे भरतात. अळ्या कितीही वाढल्या तरी पक्षी त्याहून अधिक खाऊ शकत नाहीत आणि तिथून संख्या सरळ आकाशाला भिडते. कारण दशकानुदशके मंद गतीने साचत आलेले असते, परिणाम मात्र एका हंगामात होतो. 'गेल्या वर्षी तर काहीच नव्हते' हे वाक्य अशा वेळी खरे असते आणि तरीही फसवे असते.

सागाच्या अळीला हे कॅनडाचे गणित तसेच्या तसे लागू पडत नाही. निलंबूरमध्ये तर ती जवळजवळ दरवर्षी येते. तिची मूळ अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे ठिकाणाची.

पतंग येतात कुठून?

निलंबूरच्या नोंदींमधून काही चमत्कारिक गोष्टी पुढे आल्या. हंगामातला पहिला प्रादुर्भाव सर्वत्र सारखा नसतो. हजारो हेक्टरच्या लागवडीत अर्ध्या ते दीड हेक्टरचे मोजके ठिपके आधी दिसतात, तेही एकमेकांपासून दूर. अशा एका ठिपक्यातील सगळ्या अळ्या जवळपास एकाच वयाच्या असतात. स्थानिक पतंगांनी जमेल तशी अंडी घातली असती तर लहान-मोठ्या अळ्यांची सरमिसळ दिसली असती. एकाच वयाच्या अळ्या याचा अर्थ, पतंगांचा थवा एक-दोन रात्रींत तेथे उतरला आणि अंडी घालून मोकळा झाला. शिवाय पुढच्या पिढीचे पतंग जन्मस्थानी थांबत नाहीत. तेथे कोवळे पान उरलेले नसते. ते थव्याने दुसरीकडे जातात आणि नवा, अधिक मोठा ठिपका तयार होतो. आणखी एक बाब अशी की, यंदाचे ठिपके गेल्या वर्षीच्याच जागी असतील याची खात्री नसते.

पहिला थवा नेमका कुठून येतो, याविषयी शास्त्रज्ञांत मतमतांतरे आहेत. वळिवाच्या पावसाचा आणि पहिल्या ठिपक्यांचा मेळ बसतो. त्यावरून वाऱ्याबरोबर पतंग लांबून येत असावेत, असा एक कयास आहे. दक्षिणेकडे ही अळी फेब्रुवारी-एप्रिलमध्ये, मध्य भारतात मोसमी पाऊस आल्यावर दिसते. जिथे जेव्हा कोवळी पालवी, तिथे तेव्हा अळी. केवळ सागच तिचे खाद्य आहे असेही नाही. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळ्यात तिवरांची हिरवी रांग अचानक तपकिरी पडते, तेव्हा त्यामागेही अनेकदा हीच हायब्लिया असते. म्हणजे सातपुड्याच्या सागाचा आणि ऐरोलीच्या खाडीचा एक समान शत्रू आहे.

म्हणून या अळीचे प्रारूप करताना नुसता काळ पुरत नाही, नकाशाही लागतो. संशोधक परिसराचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडतात. कोणत्या चौकोनात साग आहे, तो किती वयाचा, पालवी केव्हा फुटली, पाऊस किती झाला, शेजारच्या चौकोनात पतंग आहेत का, याची नोंद करून संगणक एकेक दिवस पुढे सरकवतो. शेकडो वेळा खेळ मांडला की कोणते चौकोन वारंवार लाल होतात ते दिसते. नकाशा भरण्यासाठी आता उपग्रह आहेत. युरोपच्या 'सेंटिनेल-२' या उपग्रहांच्या प्रतिमा दहा मीटरपर्यंतचा तपशील देतात आणि तेच ठिकाण पाच-पाच दिवसांनी पुन्हा टिपले जाते. पाने गेली की जागेचा हिरवेपणा घटतो आणि तो मोजता येतो. घोडे अडते ते ढगांपाशी. ज्या दिवसांत अळी येते, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडचे आकाश झाकलेले असते. शिवाय बांधावरची एकेरी रांग दहा मीटरच्या चौकोनात सोयाबीनमध्ये मिसळून जाते. उपग्रह सातपुड्याचे सलग जंगल पाहील, वडनेरचा बांध मात्र त्याच्या नजरेतून निसटेल.

मागच्या वर्षांचा दाखला खोडातील वर्तुळांमध्ये मिळतो. सागाला वार्षिक वर्तुळे स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागाच्या वर्तुळांवरून पाच शतकांहून अधिक काळातील दुष्काळाच्या खुणा शोधल्या, त्या या गुणामुळेच. पण अरुंद वर्तुळ पावसाने पडले की अळीने, हे एकट्या झाडाला विचारून कळत नाही. त्यासाठी पावसाच्या नोंदी आणि अळी येत नाही अशा झाडांची वर्तुळे शेजारी ठेवावी लागतात.

अंदाज चुकला तर?

येथे गणिताचा प्रश्न संपतो आणि माणसांचा सुरू होतो. प्रारूप चुकण्याचे दोन प्रकार. इशारा दिला आणि अळी आलीच नाही, किंवा अळी आली आणि इशाराच नव्हता. दुसऱ्यात लाकूड जाते. पहिल्यात विनाकारण फवारणी होते, आणि झाडांवरील फवारणी ही शेतातील फवारणीहून अधिक धोक्याची. दहा मीटर उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाठीवरच्या पंपाची फवार पोहोचत नाही. जी पोहोचते ती वाऱ्याने परत अंगावर येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ते पीक माणसाच्या उंचीचे होते, हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या लागवडींवर हेलिकॉप्टरने फवारण्याचा मार्गही आजमावून झाला आहे. केरळातील कोन्नी येथे १९६५ मध्ये सागावर एन्ड्रिन या जहाल कीटकनाशकाची हवाई फवारणी करून पाहण्यात आली. केरळच्याच कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एन्डोसल्फानची हवाई फवारणी वर्षानुवर्षे चालली. ती कीड मोजून नव्हे, तर वेळापत्रकानुसार होत असे. त्याचे दुष्परिणाम भोगणारी कुटुंबे तेथे आजही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एन्डोसल्फानवर देशभर बंदी घातली. ठिपका लहान असतानाच, तेवढ्याच एक-दीड हेक्टरवर विषाणूचे द्रावण वापरायचे, हा केरळच्या संशोधकांनी सुचवलेला मार्ग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पण त्यासाठी ठिपका पहिल्या आठवड्यात सापडला पाहिजे, आणि तो कुठे शोधायचा हे सांगणारे प्रारूप पाहिजे.

असे काम महाराष्ट्राला अशक्य आहे, असे मुळीच नाही. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन उद्ध्वस्त केले. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभागाने कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्थांच्या मदतीने 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत नियमित मोजणी, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला, अशी त्याची रचना. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीवर उपाय करायचा, हे गणित आज गावागावांत माहीत आहे. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रेही 'महावेध' प्रकल्पातून उभी राहिली. म्हणजे तापमान आणि पाऊस हे प्रारूपाचे दोन मोठे आधार हाताशी आहेत. उणीव आहे ती अळीच्या मोजणीची. क्रॉपसॅपच्या पिकांमध्ये साग नाही, आणि बांधावरचे झाड कृषी खात्याचे की वन खात्याचे, हा वाद तर जुनाच.

लागवडीचा उत्साह मात्र मोठा आहे. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने ५० कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'कन्या वन समृद्धी' योजनेत मुलगी जन्मलेल्या शेतकरी कुटुंबाला दहा रोपे देण्याची तरतूद झाली, त्यांपैकी पाच सागाची. रोपे किती लावली आणि किती जगली, याचे तक्ते निघतात. जगलेल्या झाडाची पाने कोणत्या तारखेला गेली, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. मुलीच्या नावाने लावलेला साग ती वीस वर्षांची होईल तेव्हा जिवंत असेल, पण किती जाड असेल, हे त्या रिकाम्या रकान्यावरही अवलंबून आहे.

वडनेर भोलजीसारख्या गावासाठी आणखी एक गुंता आहे. पूर्णा खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचते आणि सागाला साचलेले पाणी मानवत नाही. आधीच खुरटलेल्या झाडाची वाढ जमिनीमुळे किती अडली आणि अळीमुळे किती, हे वेगळे काढणे येथे अवघड. निलंबूरचे प्रारूप आणून येथे बसवले, तर ते जमिनीचा दोष अळीच्या माथी मारण्याची शक्यता अधिक. येथील गणित येथील नोंदींवरच उभे राहावे लागेल.

आणि त्या नोंदी फार खर्चाच्या नाहीत. पहिली पालवी फुटल्याची तारीख, वळिवाच्या आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख, झाडाखाली लेंड्या प्रथम दिसल्याची तारीख, आणि पान पूर्ण गेले की त्याची जाळी झाली एवढा भेद. दिव्याखाली पाण्याची पाटी ठेवून केलेल्या साध्या प्रकाश सापळ्यात काळ्या-नारिंगी मागच्या पंखांचे पतंग सापडले, तर पतंगांची संख्या. शाळेच्या वहीत मावेल एवढाच हा मजकूर. तो दहा-पंधरा गावांतून चार-पाच वर्षे सलग मिळाला, तर सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि महामार्गालगतची गावे यांत अळी आधी कुठे उतरते, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर तरी संगणकाला देता येईल.